हुकावरचं वजन

रविवार, २२ फेब्रुवारी

आलं! माझं पार्लर दारात येऊन उभं राहिलं!

लिहायला बसले आहे खरी, पण पाय काही एका जागी ठरत नाहीत. इतकी वर्षं दुसरीच्या पार्लरमध्ये दुसरीच्या आरशासमोर उभी राहिले. आता आरसा माझा, खुर्ची माझी, बेसिन माझं, आणि हे सगळं चाकांवर! दुकान नाही, पांढऱ्या पत्र्याचा ट्रेलर आहे. ज्यांना शहरापर्यंत येणं जमत नाही अशा म्हाताऱ्या, गुडघे धरलेल्या, तान्ही पोरं कडेवर असलेल्या बायकांच्या दारात जाऊन मी केस धुणार, कापणार, रंगवणार.

आतली मांडणी मीच ठरवली. पुढे, म्हणजे गाडीकडच्या बाजूला, स्वच्छ पाण्याची दोनशे लिटरची टाकी. मधे खुर्ची आणि आरसा. मागच्या दाराशी बेसिन आणि बेसिनखाली वापरलेल्या पाण्याची टाकी. रंगाचं नि शांपूचं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही, ही परवान्याची अट. ते घरी आणून आपल्या मोरीत ओतायचं. सकाळपासून मी सात वेळा आत जाऊन नळ सोडून पाहिला. शेवटी हे म्हणाले, "आता आतून कडी लावून तिथेच राहायला जाऊ नकोस म्हणजे झालं."

ओढणार वन्संची पिकअप. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांनी उभं आयुष्य शाळेची बस चालवली. गेल्या वर्षी जिन्यावरून पडून उजवं मनगट मोडलं, आत पट्टी घातली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण शाळेने तोवर बस दुसऱ्याला दिली होती आणि वन्संना खडूचे खोके मोजायला बसवलं. दुसऱ्याच दिवशी त्या घरी निघून आल्या. तेव्हापासून गप्प होत्या. मी ट्रेलरचं बोलले तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "ओढायला कोण आहे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही!"

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. ठरलं असं, की जाताना मी चालवायची, कारण सकाळी मी ताजी असते. येताना त्यांनी, कारण दिवसभर उभं राहून माझे पाय सुजलेले असणार.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पहिल्या घासाला खडा!

ट्रेलर हुकाला जोडला आणि पिकअपचं बूड खाली गेलं, नाक वर. दिवे लावून पाहिले तर रस्त्याऐवजी समोरच्या घराची गच्ची उजळली. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने डोळ्यांवर हात धरले. वन्संनी गल्लीत एक फेरी मारली आणि उतरून एवढंच म्हणाल्या, "स्टिअरिंग हलकं लागतंय. पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवताहेत."

ज्याने ट्रेलर बांधला त्या वेल्डरला बोलावलं. तो आला, वाकून बघितलं आणि हसला. मी जनरेटर, रंगांचे खोके, जास्तीच्या खुर्च्या, पाणी तापवायचा बंब, सगळं पुढच्या कोपऱ्यात रचलं होतं. तिथे जागा होती म्हणून!

"ताई, ट्रेलर किती जड, हा एक प्रश्न," तो म्हणाला. "त्यातलं हुकावर किती पडतं, हा वेगळा. तो विचारायचं सगळे विसरतात."

मग त्याने समजावलं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त, हुकावर पडायला हवा. फार जास्त पडलं तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं उचलतात, ब्रेक आणि स्टिअरिंग ऐकत नाहीत. शिवाय ते वजन पिकअपच्याच पाठीवर मोजायचं, माणसं आणि सामान धरून. आणि फार कमी पडलं तर ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो. "मग शेपूटच कुत्र्याला हलवतं," म्हणाला. हुकाच्या पट्टीवर कोरलेलं आहे, जास्तीत जास्त एकशे चाळीस किलो. मी रोज त्या पट्टीला पाय लावून चढत होते, वाचलं मात्र कधी नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

आज आम्ही ट्रेलरचं नाक, म्हणजे हुकावर बसणारं पुढचं टोक, तोललं! घरातला वजनकाटा ट्रेलरच्या नाकाखाली, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर नाक. पहिल्यांदा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन थडकला आणि तिथेच थरथरत राहिला. जनरेटर आणि खोके चाकांच्या मागे नेले, खुर्च्या घरी ठेवल्या. परत तोललं. एकशे तीस! सगळं मिळून ट्रेलर अकराशेच्या आसपास भरतो, म्हणजे अगदी नेमकं. मी टाळ्या वाजवल्या. शेजारीण येऊन त्याच काट्यावर उभी राहिली आणि तोंड पाडून परत गेली.

मी हुशारी अशी केली, की पाण्याची टाकी काठोकाठ भरून तोललं. भरलेली टाकी म्हणजे सगळ्यात जड अवस्था. ती पास झाली की बाकी सगळ्या आपोआप पास. दाराच्या आतल्या बाजूला गुलाबी नेलपॉलिशने मोठ्ठं "१३०" लिहून टाकलं. वन्सं म्हणाल्या, "परत कधीतरी तोलून बघू." मी म्हटलं, "रोज रोज काय तोलायचं? ते काय तान्हं बाळ आहे?"

नाक हुकावरून वर उचलायला खाली एक जॅक आहे, त्याची मूठ फिरवायची. वन्संनी उजव्या हाताने सुरुवात केली, दोन वेढे झाले आणि थांबल्या. ओठ घट्ट मिटलेले. डाव्या हाताने पुरं केलं. मी न पाहिल्यासारखं केलं.

सोमवार, २ मार्च

पहिला दिवस!!

सकाळी मी चालवत होते आणि आरशात माझं पांढरंशुभ्र पार्लर माझ्या मागोमाग येत होतं. नदीपलीकडच्या वस्तीत थांबलो. पहिली अर्धी सकाळ कोणी फिरकलं नाही, नुसत्या खिडक्यांतून माना. मग एक आजी काठी टेकत आल्या. बेसिनवर मान टाकून पडल्या आणि मी हात लावला तशी म्हणाल्या, "अगं, जोरात चोळ, मी काही काचेची नाही." धुऊन झाल्यावर आरशात बघतच बसल्या. उठेनात. त्यांना बघून आणखी चौघी आल्या. पाच डोकी! पहिल्या दिवसाला पुष्कळ.

येताना वन्सं चालवत होत्या, मी पाय लांब करून बसले. काय सुख आहे! घरी आल्यावर गाडी सोडवणं, ट्रेलर लावणं, पाणी ओतणं हे वन्संचं काम. मी सरळ आत जाऊन पाय गरम पाण्यात.

गुरुवार, ५ मार्च

चौदा! चौदा जणी! रांग लागली. एकीने लग्नानंतर पहिल्यांदा केस कापले आणि रडली, आणि मग इतकी हसली की मला वाटलं आता हिचा नवरा येतो काठी घेऊन.

येताना मात्र एक झालं. घाटाच्या उताराला ट्रेलर मागून डुलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. वन्संनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि तो शांत झाला. "वारा असेल," म्हणाल्या. झाडाचं पान हलत नव्हतं.

जॅक मात्र आज वन्संनी उजव्या हाताने फिरवला, भरभर! मला मुद्दाम हाक मारून दाखवला. "बघ. डॉक्टरने सांगितलेले व्यायाम लागू पडताहेत." इतक्या खूश की मला गुळाचा खडा भरवला.

शनिवार, ७ मार्च

वृद्धाश्रम. हे काम मी जन्मभर फुकट करीन! अकरा आज्या आणि एक आजोबा, ज्यांना डोक्यावर सहाच केस होते आणि सहाही काळे करून हवे होते. केले.

तिथले व्यवस्थापक भले गृहस्थ. वापरलेलं पाणी आमच्या गटारात सोडा म्हणाले, तशी सोयच आहे त्यांच्याकडे. म्हणून रिकाम्या टाक्या घेऊन निघालो. वन्संनी गाडी लोण्यासारखी आणली. दुपारी त्या आश्रमाच्या झोपाळ्यावर चांगल्या झोपल्या होत्या. विश्रांती मिळाली की हात कसा चालतो बघा.

मंगळवार, १० मार्च

कारखान्याची वसाहत. मोजायचं सोडून दिलं. टाकीचा तळ दिसला. शेवटच्या दोघींना उद्या येते म्हणून परत पाठवलं. मी अशीच गात गात लिहिते आहे, आणि एका हाताने पोटरी दाबते आहे.

पण येताना ट्रेलर इतका डोलला की मी दाराच्या वरची मूठ धरली. वन्संनी परत पाय उचलला, परत सरळ धरून ठेवलं. कपाळावर घाम. म्हणाल्या, "ट्रेलरमध्येच काहीतरी आहे."

सकाळी तर तोच ट्रेलर माझ्यामागे अगदी गरीब गायीसारखा आला होता. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते.

बुधवार, ११ मार्च

आज कोणी नाही. दोनच गिऱ्हाईकं, ती पण सुकेच केस कापून गेली. वन्संनी गाडी छान आणली, एकदाही डुलली नाही. आता मला कळलंय ते असं: धंदा जोरात असला की वन्संची दगदग होते, बंब तापवायचा, रांग सांभाळायची, आणि हात थकतो. धंदा नसला की हात ठीक. बिचाऱ्या! सांगायचं कसं?

शुक्रवार, १३ मार्च

आज मरता मरता वाचलो.

सबंध दिवस गर्दी होती. येताना मोठ्या रस्त्यावर एक दुधाचा टँकर आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या झोताने ट्रेलर एवढा फेकला गेला की आरशात मला माझ्या पार्लरचं दार दिसलं, मागचं दार! परत त्या बाजूला, परत या बाजूला. मी ओरडले, "ब्रेक! ब्रेक मारा!" वन्संनी ब्रेक मारला नाही. पाय उचलून, दोन्ही हातांनी चाक धरून, ट्रेलर हळूहळू रस्त्यावर आणला आणि कडेला उभा केला. त्यांचा उजवा हात थरथरत होता. माझे दोन्ही थरथरत होते, पण ते मी मोजले नाहीत.

"ब्रेक मारला असता तर आडवा झाला असता," त्या म्हणाल्या. "या ट्रेलरचं काहीतरी बिनसलंय गं. रस्ताही उताराचा आहे."

आणि मी बोलून गेले. "वन्सं, सकाळी याच रस्त्याने मी नेते ना? मला कसं काही होत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडी सुरू केली.

नाचता येईना अंगण वाकडं. हे मी त्यांना म्हटलं नाही, इथे लिहिते आहे. वाईट वाटतंय, पण खरं ते खरं.

शनिवार, १४ मार्च

यांना सगळं सांगितलं. हे औषधाच्या दुकानात असतात, त्यामुळे घरात कुणाला काही झालं की यांच्याकडे मलम तयारच. "ताईचं मनगट," म्हणाले. "मी म्हणतच होतो." कधी म्हणत होते कोण जाणे.

दुपारी वन्सं आपणहून आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी तू वापर. दोन्ही वेळा तूच चालव. हातच असेल. तुझं बरोबर असेल."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही नुसत्या शेजारी बसा ना."

"शाळेनेही तेच सांगितलं होतं. नुसतं बसा." मग जाता जाता थबकल्या. "पण जॅक रोज उजव्या हाताने फिरवते गं मी. चांगला फिरतो. तो कसा फिरतो मग?"

फिरवणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं, असं काहीतरी मी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांना ते पटलं. तेच मला सहन होत नाहीये. ज्या बाईने एकाही पोराला ओरखडा न येता इतकी वर्षं बस चालवली, तिला माझं म्हणणं पटलं.

सोमवार, १६ मार्च

काय लिहू, कुठून लिहू!

क्रमाने लिहिते. सकाळी वन्सं नव्हत्या. टाकी भरली, पिकअप मागे घेतली तर हुक चार बोटं बाजूला. जॅकचं चाक मातीत रुतलेलं. मी आणि हे, दोघांनी नाक धरून उचलून सरकवायला बघितलं. ते हललं सुद्धा नाही. यांच्या कमरेत उसण भरली. शेवटी गाडीच पुढेमागे करून जमवलं.

दिवस झकास गेला. कारखान्याची वसाहत, टाकीचा तळ. संध्याकाळी पहिल्यांदाच मी चालवत परत निघाले, एकटी. गाणं म्हणत होते. उतार लागला आणि ट्रेलर डुलला.

माझ्या हातात! माझ्या धडधाकट, न मोडलेल्या हातात!

मी काय केलं? ब्रेक मारला. तो असा उसळला की मला वाटलं संपलं. मग कानात वन्संचा आवाज आला, पाय उचल, सरळ धर. पाय उचलला. धरून ठेवलं. थांबला. मी रस्त्याच्या कडेला उतरले आणि चक्क दगडावर बसले. पहिला विचार काय आला असेल? "वारा असेल." वा गं माझी शहाणी! पुढचा सगळा रस्ता सायकलवाले मला ओलांडून जात होते.

घरी आले. वन्सं नाहीत म्हणून सोडवायचं कामही माझंच. जॅकची मूठ धरली तर ती फिरकीसारखी फिरली. मला नवल वाटलं. हुक सुटल्यावर सहज हाताने नाक उचलून पाहिलं. उचललं! सकाळी दोघांना न हललेलं नाक मी एकटीने उचललं! आणि उचलल्याबरोबर मागून आवाज आला, डुबुक. मागच्या टाकीतून.

मी तशीच नाक धरून उभी राहिले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढची टाकी रिकामी. मागची टाकी भरलेली. दिवसभर एकेका डोक्यावरून मीच पाणी पुढून मागे नेत होते! सकाळी जे वजन हुकावर होतं ते संध्याकाळी शेपटीत. जेवढा धंदा जोरात तेवढं शेपूट जड, आणि हुक हलका. भरलेली टाकी पास झाली की सगळं पास म्हणे! मी जास्त किती ते मोजलं, कमी किती ते मोजायचं मला सुचलंच नाही.

पळत जाऊन काटा आणला. ठोकळा ठेवला. अठ्ठावीस! एकशे तीस नव्हे, अठ्ठावीस!

मी एवढ्याने ओरडले की हे कंबर धरून खिडकीत आले. "काय झालं?"

"अंगण वाकडं होतं!" मी ओरडले. "अहो, अंगणच वाकडं होतं!"

यांनी खिडकी लावून घेतली.

वन्संकडे धावत सुटणार होते. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले, आणि थांबले. जॅक. तो रोज संध्याकाळी हलका फिरायचा, कारण नाकच हलकं झालेलं असायचं. हात सुधारला म्हणून नाही. मी एका हाताने त्यांना गाडी परत देणार, आणि दुसऱ्या हाताने तो गुळाचा खडा काढून घेणार. फक्त अर्धी गोष्ट सांगितली तर? टाकीची सांगायची, जॅकची नाही? चप्पल काढून परत आले. उद्या बघू.

मंगळवार, १७ मार्च

अर्धं सांगायचं ठरवून गेले होते. वन्सं भाजी निवडत होत्या. मी टाकीचं सांगायला लागले, उभ्याने, हातवारे करून, दोन तांबे घेऊन पाणी इकडचं तिकडे ओतून दाखवलं. फरशी भिजवली. त्या ऐकत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे जॅक?"

त्यांच्यापासून काही लपवणं मला कधी जमणार आहे! मी मान खाली घातली.

"म्हणजे हात सुधारला नव्हता," त्या म्हणाल्या.

"थोडा सुधारला असेल, वन्सं."

"हं."

मग त्या उठल्या, माझ्याबरोबर चालत घरी आल्या. "टाकी भर," म्हणाल्या. भरली. उजव्या हाताने जॅकची मूठ धरली. एक वेढा. दुसरा. तिसऱ्याला चेहरा पांढरा पडला, तरी तो पुरा केला. मग सोडून दिली, मनगट दुसऱ्या हातात धरून उभ्या राहिल्या. मला रडू आलं. त्यांना नाही.

"तिसरा झाला," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दोनच झाले होते. ठीक आहे. जॅक डाव्या हाताने फिरवीन. गाडी चालवायला जॅकचा हात लागत नाही."

मी किल्ली पुढे केली. आणि मग त्या चिडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"वारा म्हटलं, रस्ता म्हटलं, ट्रेलर म्हटलं. तू सबंध वाट माझ्या मनगटाकडे बघत होतीस. एकदा मागे वळून बघावंसं वाटलं नाही तुला? मी शिकवलं ना तुला? आधी गाडी बघायची, मग माणूस." आणि आवाज खाली आला. "तू म्हणालीस म्हणून मीही माझ्या हातावर विश्वास ठेवला नाही. तेवढं मात्र मला सोसलं नाही."

किल्ली न घेता गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आणि संन्यासीही असा, की त्याने आपणच मान पुढे केली.

गुरुवार, १९ मार्च

धंदा दोन दिवस बंद. वेल्डरला बोलावून सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं." दोघांनी मिळून तोडगा काढला. वापरलेल्या पाण्याची टाकी मागून काढून पुढे, स्वच्छ टाकीला चिकटून. बेसिनखाली छोटा पंप, तो पाणी पुढे ढकलणार. एक टाकी रिकामी होईल तशी शेजारची भरेल. पाणी डोक्यांवरून फिरून परत पुढेच! मी आनंदाने त्याला फुकटात केस कापून दिले. त्याने नको नको म्हटलं, तरी.

सकाळच्या वजनाने तोललं, संध्याकाळच्या वजनाने तोललं, अर्ध्या पाण्याने तोललं. एकशे एकोणतीस, एकशे बत्तीस, एकशे तीस. आता रोज तोलणार. तान्हं बाळच आहे ते.

वन्सं आल्या नाहीत. यांच्या हाती निरोप पाठवला, "हुकाजवळच्या दिव्यांच्या वायरीचा खटका सैल आहे, बघून घे." रागातसुद्धा खटका!

शुक्रवार, २० मार्च

दोन्ही वेळा मीच चालवलं. उताराला, टँकरच्या झोताला, भरल्या धंद्यानंतर, कुठेही डुलला नाही. एवढा आनंद व्हायला हवा होता, पण शेजारची सीट रिकामी.

येताना गाडी सरळ वन्संच्या दाराशी उभी केली, ट्रेलरसकट. गल्ली अडली. मागे हॉर्न. वन्सं बाहेर आल्या आणि सवयीने आधी चाकांकडे बघितलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. मोठं भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. "तुमच्याशिवाय मला हे पार्लर नको."

"उगाच काहीतरी. पार्लर तुला माझ्याशिवायही हवंय." मागचा हॉर्न वाजतच होता. "चालवीन मी. पण एक अट आहे. शेजारी बसून माझ्या मनगटाकडे बघायचं नाही."

"नाही बघणार."

"तुला जमणार नाही."

"जमेल!"

"आधी गल्ली मोकळी कर," त्या म्हणाल्या. "आणि सरळ मागे घे, वाकडी नको."

मी मागे घेतली. तीन प्रयत्नांत. पण घेतली!

शनिवार, २१ मार्च

आज दिवसभर नदीपलीकडची वस्ती. सतरा डोकी, आणि एका नवरीचे केस, कमरेपर्यंत! धुता धुता माझे खांदे गळले, पण ती उठून आरशात बघून जी लाजली, त्यावर सगळं भरून पावलं. वन्संनी बंब सांभाळला, रांग सांभाळली, दोन भांडणं मिटवली. निघण्याआधी स्वतः काट्यावर नाक तोललं. एकशे एकतीस. "चल," म्हणाल्या.

मी शेजारी बसले. ठरवलं होतं, खिडकीबाहेर बघायचं. शेवटची घरं गेली, पूल गेला, कडेची झाडं सुरू झाली. तेवढंच आठवतंय.

येताना वन्संनी गाडी कशी आणली, उताराला काय झालं, मोठ्या रस्त्यावर काय झालं, हे मला लिहिता येणार नाही. मला गाढ झोप लागली होती. जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं आणि आपलं फाटक समोर होतं. हे म्हणाले, गाडी येऊन बराच वेळ झाला. हाक मारायला बाहेर आले तर ताईने ओठांवर बोट ठेवलं, आणि तशीच बसून राहिली.